रेलिंगवाल्या दादांना

दादा,

आई काल एसटीने वाईला जाऊन आली. एकटी. सकाळी निघाली, मावशीकडे जेवली, दिवेलागणीला परत. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीने ऑगस्ट 2022 पासून तिकीट माफ केलंय, तेव्हापासून आधार कार्ड तिच्या पिशवीत तयार होतं. पण गाडी फुकट असून काय करायचं? आमच्या बिल्डिंगच्या पाच पायऱ्या उतरल्याशिवाय साताऱ्याचा स्टँड येत नाही.

त्याच पायऱ्यांवर ती दीड वर्षापूर्वी पडली. डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण धीर गेला तो गेलाच. देवळात चल म्हटलं की गुडघा दुखायचा, भिशीला चल म्हटलं की डोकं. मला कळत होतं, पण बोलणार काय? धरायला सांडपाण्याच्या पाइपाशिवाय काही नव्हतं.

सोसायटीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. तीन मीटिंगांत विषय काढला. आधी 'बघू', मग 'एका फ्लॅटसाठी सगळ्यांनी पैसे का भरायचे', आणि शेवटी एक सद्गृहस्थ म्हणाले, "काकूंना या वयात बाहेर जायचंच कशाला?" त्याच मीटिंगमध्ये प्रवेशाला चकचकीत ग्रॅनाइट मंजूर झालं. पावसात त्यावर तरणीताठी माणसं घसरतात. रॅम्प केला, नाही असं नाही. अडीच फुटांच्या चढाला एकास बारा या हिशेबाने तीस फूट लांबी लागते, आमचा सात फुटांत उरकलाय. स्कूटर मात्र झकास चढते.

शेवटी 'स्वखर्चाने करा' अशी कृपा झाली. तुमच्याआधी दोघे येऊन गेले. त्यांनी पायऱ्या मोजल्या, भाव सांगितला. आईकडे कुणी बघितलंही नाही.

तुम्ही टेप खिशातच ठेवलीत आणि म्हणालात, "आजी, रोज उतरता तशा उतरा. मी नुसता बघतो." ती लाजली. मग उतरायला लागली, आणि तुम्ही तिच्या शेजारून एकेक पायरी उतरत, तिचा हात भिंतीवर जिथे टेकेल तिथे खडूने खूण करत गेलात. खुणा बाजारातल्या रेलिंगच्या उंचीपेक्षा चांगल्या खाली पडल्या. आई पाच फुटांचीही नाही, हे इतक्या वर्षांत माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. शेवटची पायरी संपली तरी तिचा हात पुढे काहीतरी चाचपत होता. तुम्ही तिथेही खूण केलीत. "पाय जमिनीवर आला तरी हाताला लगेच पटत नाही," म्हणालात, आणि पाइप पायरीच्या पुढे फूटभर काढलात. टोक भिंतीकडे वळवलंत, का तर पदर अडकू नये. इमारतींच्या नियमांच्या पुस्तकांतही पायऱ्यांपुढे फूटभर कठडा असावा असं सांगितलेलं असतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही ते एका म्हातारीच्या हातावरून वाचलंत.

डावं मनगट अधू म्हणून चढताना दुसऱ्या बाजूलाही आधार हवा, हेही तुमच्याच लक्षात आलं. त्या बाजूच्या पाइपाची मजुरी घेतली नाहीत. भांडले, तर "आजींनी दोनदा चहा दिलाय" म्हणालात.

आता तो पाइप कोण धरत नाही? सिलिंडरवाला धरतो, तिसऱ्या मजल्यावरची सात महिन्यांची पोटुशी धरते, आणि परवा ते सद्गृहस्थही धरून उतरत होते. मी काही बोलले नाही. आई बोलली, "सावकाश हं." माणसाला अक्कल डिग्रीने येते की नजरेने, यावर आमच्या घरी सध्या वाद नाही.

शेवटची खडूची खूण अजून भिंतीवर आहे. आई पुसू देत नाही.

वाईहून तिने तुमच्यासाठी मावशीच्या शेतातल्या हळदीचा पुडा आणलाय. मी आज दोनदा येऊन गेले, दुकान बंद होतं. आता ती म्हणते, मी स्वतःच देणार. तुमच्या दुकानाला पायऱ्या किती, तेवढं कळवा.

तुमची,
पहिल्या भेटीत घासाघीस करणारी ताई