पलूला, लाडवाच्या डब्यासोबत

चि. पलू, अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो की आपलं भांडण होते म्हणून हे टाईप करून राहिलो. उद्या सकाळी मंगेश नेरहून अमरावतीच्या एसटीत बसतो, त्याच्या हाती स्टीलचा डबा पाठवतो. त्यात 28 लाडू आहेत. झाले होते 33. चार आजीने ठेवून घेतले अन् एक मी खाल्ला, कसा झाला ते पाहायला नको का.

चक्करचा विषय काढणार नाही, परवा तू फोन कापला तेव्हाच ठरवलं. "सोड ते पोलीस भरतीचं अन् घरी ये" हे मी बोलायला नको होतं. मायने रात्री चांगलंच ऐकवलं, "पोरगी पहाटे चारला उठून धावते अन् तुम्ही तिचे पाय वढता काय?" पण तू ग्राउंडवर पडली मंगळवारी अन् आम्हाला कळलं शनिवारी, तेही तुझ्या रूमवालीकडून. हिमोग्लोबिन 9. ते 12 पाहिजे. असो. काढणार नाही म्हटलं ना.

लाडू मीच केले, हसू नको. माय वेचणीला जाते अन् मी सध्या घरीच आहो, पायाचं काही विशेष नाही. त्या प्रोटीन पावडरच्या डब्याचे पैसे तू मागितले तेव्हा मी त्याचा हिशोब सोयाबीनच्या भावात केला अन् माझं डोकं फिरलं, तिथून भांडण झालं. नंतर मंगेशने मोबाईलवर दाखवलं की ती पावडर दुधातूनच निघते, पनीर केल्यावर जे पाणी उरते ना, त्याची. आपली आजी ते पाणी कणकेत टाकते! वाईट नाही ती, पण महिन्याच्या महिन्याला आपल्याला जमणार नाही. मग म्हटलं आपल्या घरात काय काय आहे ते पाहू.

पहिला घाणा वाया गेला. गूळ कडक होता म्हणून मी पाणी शिंपडलं, लाडू काय सुंदर वळले, अन् चौथ्या दिवशी त्यावर बुरशी. उकिरड्यावर टाकले. दुसऱ्या वेळी मिक्सर चालूच ठेवला तर फल्लीदाण्याचं तेल सुटून नुसता लगदा झाला अन् मिक्सरला जळका वास येऊ लागला. मायला सांगितलं नाही, तूही सांगू नको.

आपल्या सोयाबीनचंही करून पाहिलं. चार एकर पेरतो आपण, पण पोतं भरलं की सरळ बाजार समितीत, घरच्या ताटात ते कधी आलं सांग. थोडं भाजलं, कुटलं, चाखलं, अन् रात्रभर पोट गुडगुडलं. नीट भाजलं नाही तर त्यात असं काही राहते की ते पोटात प्रोटीन पचूच देत नाही, हे मला नंतर कळलं. म्हणून तुझ्या डब्यात सोयाबीन नाही.

आता जमलं ते असं. पाव किलो फुटाणे सालं काढून, पाव किलो भाजलेले फल्लीदाणे, तीळ अन् जवस 100-100 ग्रॅम, गूळ 300 ग्रॅम किसून. पाक नाही, पाणी नाही. तीळ अन् जवस तेवढं तव्यावर हलकं गरम केलं. आधी फुटाणे रवाळ काढायचे, मग जवस वेगळं कुटायचं, कारण अख्खं जवस पोटातून जसंच्या तसं निघून जाते. मग फल्लीदाणे अन् गूळ एकत्र, मिक्सर जरा फिरवायचा अन् थांबवायचा, फिरवायचा अन् थांबवायचा. दाण्याचं तेल अन् गूळ मिळून तेच सारं धरून ठेवते. मूठभर घेऊन दाबायचं अन् मूठ उघडायची, त्यावर बोटाच्या रेषा उमटल्या तर झालं, विस्कटलं तर अजून एक फेरा. पंधरा दिवसात संपव, जवसाला नंतर खवट वास लागतो.

हॉस्टेलवर गॅस चालत नाही ते माहीत आहे. तिथे तयार फुटाणे अन् भाजलेले दाणे घे, खारे नको घेऊ, जाड पिशवीत भरून तांब्याने ठेच अन् बी काढलेल्या मऊ खजुरात मळ. गूळही नको अन् मिक्सरही नको.

पण एक हिशोब करून पाहिला. माझ्या अंदाजाने एका लाडवात साडेचार-पाच ग्रॅम प्रोटीन बसते. साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे पाऊण ग्रॅमच्या वर लागते, म्हणजे तुझ्या 50 किलोला 40-42, अन् धावणारीला त्याहून जास्त. म्हणजे दोन लाडू खाऊन "जेवली" म्हणायचं नाही. पोळी, वरण, दही, अंडं हे पाहिजेच. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नको, लिंबू पाण्यासोबत घे. अन् तू सकाळी पाचला रिकाम्या पोटी धावते का? एक लाडू तरी अर्धा तास आधी... बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर बेटा. तू आता मोठी झाली, 800 मीटरचं तुझं टायमिंग तुला माहीत आहे, गोळा 4 किलोचा की किती ते मला विचारून थोडीच फेकते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू सातवीत होती, तालुक्याला 400 मीटर होती. भाकर अन् जवसाची चटणी फडक्यात बांधून माझ्या सायकलच्या पिशवीत होती, तुला नऊ वाजता द्यायची होती. मी युरियाच्या लाईनमध्ये लागलो. म्हटलं दोन माणसं राहिली, आता होते, आता होते. पोचलो तेव्हा तुझी शर्यत झाली होती. तू अनवाणी उभी होती, पायाला मुरूम लागलेला, हातात दुसऱ्या नंबरची वही. मी पिशवीत हात घातला तर तू म्हणाली, "बाबा, भूकच नव्हती लागली." अन् मी ते खरं मानलं. सायकलवर मागे बसून तू पूर्ण भाकर खाल्ली, नेर सुटायच्या आत, चटणी फडक्याला लागलेली तीही चाटली. ते मी मागे वळून पाहिलं होतं अन् काही बोललो नाही.

परवा फोनवर मी विचारलं, मंगळवारी सकाळी काय खाल्लं होतं, तर तू तेच म्हणाली, तसंच्या तसं.

गावात सगळ्यांना सांगत फिरतो की आमची पलू पोलीस होणार. पानठेल्यावर तर तुला अर्धी वर्दी घालून झाली. भरती सोड म्हणालो ते रागात नाही म्हणालो, घाबरलो होतो. धाव तू. पण धावायच्या आधी काय खाल्लं ते रोज मला एका ओळीत टाक, फोन करू नको वाटलं तर. नुसतं "लाडू" लिहिलं तरी चालते.

पायाला प्लास्टर आहे. बैलाने ढकललं, तीन आठवडे झाले. मायने सांगू नको म्हटलं होतं, तुझं ग्राउंड बिघडेल म्हणून. आता तूही रागव, मग हिशोब बरोबर होईल.

डबा आजीच्या रुखवतातला आहे, झाकणावर तिचं नाव कोरलं आहे, हॉस्टेलात कोणाला देऊ नको. मंगेश पंधरा दिवसांनी पुन्हा येणार आहे, त्याच्या हाती रिकामा करून पाठव.

बाबा