दिवा झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे हवा

महोदय,

आमच्या भागातल्या चौपदरी रस्त्यावर नवे एलईडी दिवे लागले. उजेड भरपूर आहे, पण एसटी थांब्यासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर रात्री गाड्या पूर्वीपेक्षा सुसाट जातात. रस्त्यावर दिवे आले की चालक वेग वाढवतात आणि त्यांची सावधगिरीही घटते, हे नॉर्वेतील अभ्यासकांनी 1999 मध्येच दाखवून दिले आहे. लांबवरचा मोकळा रस्ता दिसला की ब्रेकवर पाय जाईल कशाला? पाय ब्रेकवर जातो तो माणूस दिसल्यावर.

आणि नेमका तोच दिसत नाही. आमच्याकडे खांब पट्ट्यांच्या पलीकडे आहे, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्याच्या पाठीवर उजेड पडतो आणि येणाऱ्या चालकाला दिसते फक्त काळी आकृती. समोरून हेडलाइट आले किंवा पावसाने डांबर चकाकू लागले की तीही हरवते. दुसरी पाळी सुटल्यावर गडद साड्या नेसलेल्या बायका दुभाजकापाशी उभ्या असतात. पायाखालचे पांढरे पट्टे लखलखीत, त्या मात्र अंधारात.

खांब गाडी येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या काही मीटर अलीकडे हवा. मग उजेड माणसाच्या अंगावर, चालकाला दिसणाऱ्या बाजूने पडतो. म्हणून तो नुसता रस्त्यावर मोजून भागत नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या 2008 च्या अहवालात क्रॉसिंगवर दीड मीटर उंचीला, उभ्या पातळीत 20 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड सुचवला आहे.

ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. या वेगाला थांबण्यासाठी रस्त्यांची मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस 80 मीटर अंतर धरते. खाली केलेल्या हेडलाइटच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस इतक्या लांबून दिसत नाही. 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. ही माणसे आपलीच होती.

संबंधित अभियंत्यांना कळकळीची विनंती आहे. एकदा रात्री, शक्यतो पाऊस पडत असताना, गाडीत बसून 80 मीटरवरून हे क्रॉसिंग पाहा. तिथे उभा असलेला माणूस दिसला नाही, तर खांब हलवा. आणि पट्ट्यांची जागा रस्त्यापेक्षा थोडी उंच करा, म्हणजे दिवा बंद पडलेल्या रात्रीही वेग कमी करावाच लागेल.

– एक पादचारी वाचक