अण्णांच्या माठाची आठवण आली म्हणून

जळगाव

प्रिय संज्या,

होळीपासून फोन नाही केला, चिडला असशील, चीड. मी ठीक, गुडघा तसाच. पण परवा यावलला जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू भो.

आमच्या कंपनीनं एमएलला 40 युनिटवाली इन्सुलिनची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, कमी करत आणलीय. क्वार्टरच्या मीटिंगला पडद्यावर ग्रोथ दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण. कॅन्सरच्या एका इंजेक्शनच्या बिलात इन्सुलिनच्या शंभरावर व्हायली येतात, मग व्हायलीसाठी कोण फिरेल? ते इंजेक्शन विकायला मला काही वाटत नाही हं, ट्रास्टुझुमॅब चांगलंच औषध आहे, 2014 ला बायोकॉननं स्वस्तातलं काढलं तेव्हा कुठे स्तनाच्या कॅन्सरच्या बायांना थोडं तरी आवाक्यात आलं. पण एक वाढवायला दुसरं का बंद करायचं?

तर यावल. केळीच्या बागेत कामाला जाणारी मावशी, व्हायल मिळाली नाही म्हणून काउंटरवरच्या पोरानं इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज दिलं. त्यात एका एमएलला 100 युनिट. तिनं घरच्या लाल टोपीच्या, 40 वाल्या व्हायलीच्या सिरिंजनं ओढलं, रोजच्यासारखं 20 च्या रेघेपर्यंत, म्हणजे गेले 50! साखर एकदम उतरली, घामानं भिजली, हात थरथरत होते, सुनेनं गूळपाणी पाजलं म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी तीच सिरिंज रुमालात गुंडाळून दुकानात आली, मी तिथंच उभा होतो. म्हणे, "भाऊ, मी तर बरोबरच घेतलं ना?"

मला अण्णाच दिसले रे, माठाजवळच्या ओल्या वाळूत इन्सुलिनची बाटली ठेवायचे, मे महिन्यात लाइट गेली की दहा वेळा हात लावून बघायचे. तू हॉस्टेलला भांडला होता, इन्सुलिन डुकराचंच असतं म्हणून, तीन दिवस बोलला नाही! 1982 पासून बॅक्टेरियाकडून बनवून घेतात, आजही मीच बरोबर. पण स्वस्तात बनायला लागलं ते अण्णांसारख्यांसाठीच ना?

झोनल मॅनेजरला मेल लिहून ठेवलाय, व्हायल बंद करू नका, निदान दुकानदारांना सिरिंजचा फरक तरी शिकवा. नोकरीवर येईल असं ही म्हणते. तुला पाठवतो, कडक वाटलं तरी पाणी घालू नको, फक्त शुद्धलेखन बघ, रविवारी पाठवणारे.

पोरीची बारावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. भरताची वांगी आली की या.

तुझा,
पक्या