शनिवारी नाही, रविवारी येते

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

शनिवारी जेवायला येते म्हटलं होतं, पण आता रविवारी सकाळी येईन. ठरवून टाकलंय, तेव्हा फोनवर मन वळवू नका. फर्ग्युसनला थांबतेय. केमिस्ट्री लॅबचे मामा या महिन्याअखेर रिटायर होताहेत. शाल-श्रीफळ, भाषणं हे तासाभरात उरकेल. मला नंतर त्यांच्याजवळ बसून त्यांची कामाची रीत वहीत उतरवून घ्यायची आहे. सर बदलले, सिलॅबस बदलला, पण मामांना जे माहीत आहे ते कुठल्याच जर्नलमध्ये नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, बाटल्या भरण्यात काय एवढं? ऐका तर. फेरस सल्फेट नुसत्या पाण्यात विरघळवलं की हवेनं गढूळ, तपकिरी होतं. म्हणून मामा आधी पाण्यात थोडं सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालतात, मग क्षार, आणि तेही त्याच सकाळी. स्टार्च 1 ग्रॅम, आधी थंड पाण्यात कालवायचा, मग 100 मिली उकळत्या पाण्यात ओतायचा. थेट टाकला की गुठळ्या, आई, तुझ्या पिठल्यासारख्याच. शिळा झाला तर आयोडीनबरोबर निळा रंग धड येत नाही आणि पोरं रीडिंगला दोष देतात.

काचेच्या कॉकच्या (तोटीच्या) ब्युरेटमध्ये, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या उभ्या नळीत, कॉस्टिक सोडा रात्रभर राहिला तर कॉक जाम होतो, कारण सोडा काच खातो. मग जोर लावला की तुटलाच. बॅच सुटली की धुवायची, कॉक काढून मध्ये कागदाची पट्टी घालायची. परमँगनेटनं तपकिरी झालेली ब्युरेट घासत बसायची नाही. कोमट ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात थोडं सल्फ्युरिक, डाग जातो. आणि किप ॲपरेटसमध्ये, म्हणजे वायू तयार करायच्या काचेच्या उपकरणात, आयर्न सल्फाइडचे खडेच घालायचे. चुरा खालच्या फुग्यात ॲसिडमध्ये पडतो, मग कॉक बंद केला तरी वायू येतच राहतो आणि सडक्या अंड्यांचा वास जिन्यापर्यंत!

रात्री मैत्रिणीकडे आहे. गरम पाणी, वरण-भात सगळं मिळेल, स्वेटरही घेतलाय. खरंच, तुमच्यापेक्षा कॉलेज जास्त असं काही नाही गं आई. तुझ्या कुशीत दुपारी लोळायला मी अजूनही तेवढीच हावरट आहे. मामा मात्र पुढच्या महिन्यात गावी जाणार, तिथे त्यांना कोण गाठणार?

आता नीट ऐका. बाबा, बरं वाटतंय म्हणून बी.पी.ची गोळी परस्पर सोडायची नाही. माळ्यावर चढायचं नाही, डबे मी काढीन. आई, पुरणाचा घाट घालू नकोस, मेतकूट-भात चालेल. स्वारगेटहून सकाळची वाईची एसटी धरते. स्टँडवर न्यायला येऊ नका, रिक्षा मिळते.

तुमची,
बबी