सहलीचे ठिकाण ठरवण्यापूर्वी

सातारा,
१२ फेब्रुवारी

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नववीची सहल पाण्याच्या खेळांच्या उद्यानात न्यावी असा पालकांचा आग्रह आहे आणि मुख्याध्यापक म्हणून तुझे मन त्याला तयार होत नाही, हे वाचून मला आपली सोमनाथची छावणी आठवली. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या त्या श्रमसंस्कार छावणीत, चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात, आपण दोघांनी एकच घमेले धरून माती वाहिली होती. तिथली भाषणे मी विसरलो, पण त्या घमेल्याचा काठ अजून बोटांना आठवतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे निवासी शिबिर डिसेंबरात झाले. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. आज कित्येक मुले प्रमाणपत्रासाठी आणि सवलतीच्या गुणांसाठी नाव नोंदवतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी कधी नाकारत नाही, कारण कोण कशासाठी आले याला चौथ्या दिवसानंतर फारसा अर्थ उरत नाही.

या वेळी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, सुतळीने तोंडे शिवायची आणि थरावर थर रचायचे, एवढेच काम. मुलांनी दोन दिवसांत भिंत उभी केली, फोटोही काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाणी मधूनच वाहून चालले होते. शेजारच्या शेतातले एक आजोबा काठावर येऊन बसले, बराच वेळ नुसते पाहत राहिले आणि म्हणाले, “पोरांनो, सांध्यावर सांधा आलाय. पाणी वाट काढणारच.” विटांच्या भिंतीसारखी प्रत्येक गोणी खालच्या दोन गोण्यांच्या जोडावर बसवायला हवी होती. ती माझी चूक होती, कारण देखरेख माझी होती. चिखलात भिजून जड झालेल्या गोण्या पुन्हा उपसताना मुले आधी कुरकुरली, मग गप्प झाली, आणि दुपारनंतर मात्र एकमेकांचे थर स्वतःच तपासू लागली. चांगल्या नागरिकत्वावर मी अनेक व्याख्याने दिली आहेत, सदानंद. पण आपले काम दुसऱ्याच्या उपयोगी पडेल इतके नीट झाले आहे का, ही काळजी मुलांच्या चेहऱ्यावर मी त्या दुपारी पाहिली.

महिनाभराने त्यांच्यातले तिघे, मला न सांगता, स्वतःच्या पैशाने एसटीने त्या गावी पाणी टिकले आहे का ते पाहायला गेले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेलाही आमची काही मुले मागे सतरंजीवर बसली होती. ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी महिला सभा व्हावी लागते, हे तिथे ऐकून एका मुलीने आपल्या गावात चौकशी केली आणि पुढच्या सभेला आईला घेऊन जायचे ठरवले आहे. हे मी तिला शिकवले नव्हते.

सहलींविषयी मात्र मला स्वतःचा पश्चात्ताप सांगायचा आहे. काही वर्षांपूर्वी दोन दिवसांत पाच ठिकाणे दाखवायच्या हट्टात मी मुलांना रायगडावर जेमतेम तासभर दिला. राजसदरेसमोर उभी असलेली मुले घड्याळाकडे पाहत होती, कारण मीच त्यांना घाई केली होती.

म्हणून माझे मत विचारशील, तर ठिकाण एकच ठेव. पालकांना मुलांचा आनंद हवा आहे, त्यात गैर काही नाही. खेळ, गाणी, शेकोटी सगळे असू दे. पण अर्धा दिवस असे काम ठेव, जे गावाने मागितले आहे आणि जे पाहायला मुलांना पुन्हा जाता येईल. कामाचा फलक आणि सत्कार टाळ.

आमच्या शिबिराच्या गावच्या सरपंचांशी मी बोलून ठेवले आहे. पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, तेव्हा पुढच्या ऑक्टोबरनंतर तो पुन्हा घालावा लागेल. सहल तेव्हा ठेवता आली, तर तुझी नववी आणि माझी मुले एकाच ओढ्यावर काम करतील. तारीख कळव, गोण्या मी आतापासूनच जमवायला घेतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत