रविवारचं दुकान

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

काल रविवार. इथं जर्मनीत, फ्रायबुर्गला मोठ्या चर्चभोवतीच्या चौकात शनिवारी भाजीवाले, फुलवाले, पाय ठेवायला जागा नसते. काल तिथं शुकशुकाट. घरातलं दूध संपलेलं, त्यासाठी स्टेशनवरच्या उघड्या दुकानापर्यंत गेलो. वाटेत बाबांची फार आठवण आली.

आपल्या गावचा बाजार रविवारचा. ओळीतली सगळी दुकानं आठवड्याची कमाई त्या दिवशी करायची आणि आपलं शटर खाली. मी तेव्हा पुण्यात अर्थशास्त्र शिकत होतो. गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही, असं बाबांनाच शिकवायचो. दिवाळीआधीच्या एका रविवारी तुम्ही चर्चमध्ये उपासनेला गेलात आणि मी दुकान उघडलं. संध्याकाळी गल्ला तुमच्यापुढे ठेवला. बाबा, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पुढच्या रविवारी सगळी रक्कम दानपेटीत गेली. त्या महिन्यात दुधाचा रतीब एक लिटरवरून अर्ध्यावर आला होता, हे आईनं मला खूप नंतर सांगितलं.

इथल्या विद्यापीठात वाल्टर ऑयकेन नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. नोव्हेंबर 1938 मध्ये विद्यापीठाला लागून असलेलं ज्यूंचं सभास्थान जाळलं गेलं. त्यानंतर ते, त्यांचे सहकारी प्राध्यापक फॉन डीत्से आणि लाम्पे, आणि काही पाळक गुपचूप जमू लागले. हिटलरच्या राजवटीत ख्रिस्ती माणसानं करायचं काय, हा त्यांचा प्रश्न. पुढे हिटलरच्या विरोधातले पाळक बोनहोफर यांच्यामार्फत विचारणा आली आणि जानेवारी 1943 मध्ये त्यांनी युद्धानंतरच्या जर्मनीसाठी एक टिपण लिहून काढलं. त्याची एक पुरवणी खास अर्थव्यवस्थेवर. 1944 मध्ये डीत्से आणि लाम्पे तुरुंगात गेले. बोनहोफरना एप्रिल 1945 मध्ये फाशी झाली. जीव मुठीत धरून ही माणसं भाव आणि स्पर्धा यांवर लिहीत होती, हे वाचून मला गलबलून आलं.

त्याआधी जर्मनीत बडे कारखानदार आपसात भाव ठरवून घेत, आणि 1897 मध्ये इथल्या वरिष्ठ न्यायालयानंच असे करार वैध मानले होते. ऑयकेन यांचं म्हणणं असं, की बाजार मोकळा हवा, पण त्याचे नियम सरकारनं घालून द्यावेत. कुणाची मान दुसऱ्याच्या हातात राहू नये.

रविवारची सुट्टी तर 1919 पासून इथल्या राज्यघटनेतच आहे. बर्लिननं ख्रिसमसआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही चर्चेस न्यायालयात गेल्या आणि 1 डिसेंबर 2009 ला जिंकल्या. मला वाटतं, त्यांनी बाजाराशी वैर धरलं नाही, त्याला कुंपण घातलं. इथं जवळपास सगळ्यांचंच शटर खाली, त्यामुळे कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडे पळत नाही. बाबा, तुम्ही मात्र एकट्यानं बंद ठेवायचात, आणि त्याची किंमत आपल्या घरानं मोजली. पुस्तकातलं स्पर्धेचं गणित मला येत होतं, हे दिसत नव्हतं.

सकाळी दुकान उघडलं की तुम्ही रिकाम्या तागडीला टिचकी मारून काटा मध्ये थांबेपर्यंत बघत राहायचात. बायबलमधल्या आमोसच्या आठव्या अध्यायात शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, कधी संपतो म्हणून अधीर झालेला व्यापारी आणि खोटा तराजू एकाच वचनात आहेत. घरच्या प्रार्थनेत ते तुम्हीच वाचायचात.

त्या रविवारच्या गल्ल्याबद्दल माफी मागायची राहून गेली होती, बाबा. आज मागतो. आणि आई, त्या अर्ध्या लिटर दुधाबद्दलही.

तुमचा,
धाकटा