सहायक बॉयलरची पाणीपातळी आणि नियमातील उणीव

माननीय संपादक,

जहाजावरील सहायक बॉयलर नावाने दुय्यम असला, तरी जड इंधनतेल त्याच्याच वाफेने तापवून पातळ करावे लागते, म्हणून तो बंद पडल्यास मुख्य इंजिनही अडचणीत येते. सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातील प्रकरण 2-1 च्या नियम 32 नुसार जहाजाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक अशा बॉयलरला पाणीपातळी दाखवणारी किमान दोन साधने हवीत आणि त्यांपैकी निदान एक थेट वाचता येणारी गेज ग्लास, म्हणजे वरून वाफेच्या व खालून पाण्याच्या बाजूने बॉयलरला जोडलेली पातळीदर्शक काच, असावी. मात्र ती काच खरे सांगते की नाही, हे किती वेळाने पडताळावे, याबद्दल हा नियम मौन बाळगतो. माझा आक्षेप एवढ्यापुरताच आहे.

कारण काचही फसवते. वाफेच्या बाजूचा मार्ग क्षाराने तुंबला, की काचेतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, तिथला दाब उतरतो आणि बॉयलरमधला दाब खालून पाणी वर ढकलतो. परिणामी आत पाणी कमी असतानाही काच भरलेली दिसते. अशा वेळी पाणी पुरेसे आहे असे समजून बर्नर चालू ठेवला, तर उघड्या पडलेल्या नळ्या तापून मऊ होतात, फुगतात आणि अखेर फाटतात. पाणी कमी झाल्यावर इंधन तोडणारी स्वयंचलित यंत्रणा असते हे खरे, पण तिचे फ्लोट (पातळीनुसार वरखाली होणारे तरंगते भाग) हेही गाळाने अडकू शकतात.

यावरचा उपाय जुनाच आहे. काचेच्या वाफेच्या व पाण्याच्या बाजूचे दोन्ही कॉक (तोट्या) बंद करून ड्रेन, म्हणजे काच रिकामी करणारी तोटी, उघडायचा, पाण्याची आणि वाफेची बाजू एकेक करून सोडून पाहायची, मग ड्रेन बंद करून पाणी आधी व वाफ नंतर सोडायची. (चालू स्थितीत या कॉकच्या मुठी खाली लोंबकळत असतात; नवख्याला ते उलटे वाटते, पण हादऱ्यांनी मूठ घसरली तरी स्थिती बदलू नये म्हणून ती रचना आहे.) या कामाला दोन-तीन मिनिटे लागतात, तरीही नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आकडा दिसू लागल्यापासून ते टाळण्याकडे कल वाढलेला मी नोकरीच्या अखेरच्या वर्षांत पाहिला.

म्हणून ही पडताळणी दिवसातून किमान एकदा करून तिची नोंद लॉगबुकात ठेवणे नियमानेच बंधनकारक करावे, आणि जहाजाची तपासणी करणाऱ्यांनी ती नोंद वाचण्यावर न थांबता काच स्वतःसमोर अशीच ब्लो करून, म्हणजे वाफ-पाणी सोडून तपासून, दाखवायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त सागरी अभियंता